पडलेली चिरबोटं

आमच्या बाईला रिकामं बसता येत नसे. माझ्याकडे नागपूरला कायमची राहायला आली त्या दिवशी पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने विचारलं, मले इथं काम काय हाय? मी म्हटलं, आधी चहा तर घे. तर म्हणे, चहा घेऊन झाल्यावर काय करू ते सांगून ठेव. मी तोंडाने फटकळ आहे, घरातले सगळे जाणतात. मी म्हटलं, अवं बाप्पा, तू पाहुणीबी नाहीस अन् मोलकरीणबी नाहीस, जरा बूड टेकव. तिने टेकवलं, पण खुर्चीच्या कडेला, आणि चहा संपल्याबरोबर कप विसळायला उठली.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी रांगत होते, आणि बाई शाळा सोडून नुकतीच निंदणाला जायला लागली होती. पारशिवनीच्या पलीकडे आमचं गाव. गावात आमची काडीभर जमीन नव्हती. बाप दुसऱ्याच्या शेतात, बाई दुसऱ्याच्या शेतात, आणि मी बाईच्या कडेवर. ती मला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पळसाच्या सावलीत बसवायची, समोर मूठभर चिरबोटं टाकायची आणि निंदायची पात धरायची. मी एकेक सोलून खात बसायची, तेवढ्यात तिचं अर्धं वावर निंदून व्हायचं. मला आई आठवत नाही. मला आठवतात ती बाईची मातीने भरलेली बोटं, आणि त्या बोटांनी सोलून तोंडात घातलेलं चिरबोट.

ज्यांनी चिरबोट पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण आजकाल माझ्या वर्गातल्या मुलांनाही सांगावं लागतं. वांगी, मिरची, टमाटर यांच्याच खानदानातलं हे रोप. गुडघ्याच्या खालीच राहतं. कोणी पेरत नाही, कपाशीत, तुरीत आपोआप उगवतं. फळ वाटाण्यापेक्षा थोडं मोठं, पण उघडं नसतं. त्याच्याभोवती कागदासारखी पिशवी असते, खाली टोक निघालेली. पिशवी हिरवी असताना कपाळावर आपटली की फट्कन वाजते. पिकत आलं की ती वाळून गव्हाच्या काडाच्या रंगाची होते, आणि फळ तिच्यासकट आपणहून गळून पडतं. झाडावरचं तोडायचं नाही. कच्चं पोटात गेलं तर उलट्या होतात. आणि आतलं फळ बघून काही कळत नाही, कारण एखाद्या झाडाचं पिकून पिवळं होतं, एखाद्याचं पिकलं तरी हिरवटच राहतं. तेव्हा खूण एकच. वरची पिशवी वाळलेली हवी आणि फळ मातीत पडलेलं हवं. ही खूण मला बाईने शिकवली, बाईला आईने, आणि आईला तिच्या माहेरच्या कोणीतरी.

निंदणाच्या बायांची एक रीत होती. सगळं तण काढायचं, पण चिरबोटीला खुरपं लावायचं नाही. शेतमालक धुऱ्यावरून ओरडायचा, की मी मजुरी तण काढायची देतो, राखायची नाही. बाया मान न उचलता "हव, हव" म्हणायच्या आणि पुढच्या पातीत पुन्हा एक रोप सोडून जायच्या. धुऱ्यावर जी लेकरं बसलेली असायची त्यांच्यासाठी ते होतं. बाई त्या टोळीची पुढे म्होरकी झाली, आणि नवीन आलेल्या पोरीने चुकून चिरबोट उपटलं तर तिला अख्खा दिवस बोलणी बसायची.

मी शिकले, मास्तरीण झाले, लग्न होऊन नागपुरात आले. हे सगळं बाईने करवलं, यात काही वाद नाही. दर दसऱ्याला गावची माणसं दीक्षाभूमीवर यायची, त्यांच्यासोबत बाई यायची आणि परतताना माझ्या घरी थांबायची. पदराची गाठ सोडली की आत चिरबोटं. माझी मुलगी तेव्हा लहान होती. ती तिला मोठ्याई म्हणते. मोठ्याई आली म्हणजे आधी पदर तपासायचा, मग पाया पडायचं, असा तिचा हिशेब होता.

मग गावात तण मारायचं औषध आलं. आमच्याकडे विषालाही औषधच म्हणतात. पाठीवर पंप घेतलेला एक माणूस सकाळी वावरात शिरायचा आणि दुपारी मोकळा व्हायचा, आणि जिथे आठवडाभर बायांची टोळी लागायची तिथे कोणीच लागेनासं झालं. आधी आधी राहिलेल्या कोपऱ्यांसाठी बोलावणं यायचं, मग तेही बंद झालं. तणाबरोबर चिरबोटीही गेल्या. त्यानंतरच्या एका दसऱ्याला बाई रिकामा पदर घेऊन आली, आणि माझ्या मुलीसमोर अशी बसली की जशी काही तिचीच चूक आहे. मुलगी तेव्हा कॉलेजात होती, तिला काय पडलं होतं चिरबोटाचं. पण बाईला पडलं होतं.

तिचा माणूस गेला. लेकरू नव्हतं. गुडघे तर आधीच गेले होते. मी आणायला गेले तेव्हा तिने मला दोन दिवस टोलवलं. तुह्या घरी येऊन मी काय करू, म्हणे, खायाले काळ अन् भुईले भार. मी चिडले. म्हटलं, मला कडेवर घेऊन फिरत होतीस तेव्हा मी कोणाला भार नव्हते काय? तेव्हा कुठे निघाली.

आणि तरीही ती राहिली नसती. ती राहिली माझ्या नातीमुळे. माझी मुलगी सदर भागात एका ऑफिसात कामाला आहे, दोन गल्ल्या सोडून राहते, आणि जावई महिन्यातले अर्धे दिवस बाहेरगावी. नात चार वर्षांची, पाळणाघरात जायची आणि रोज रडून घरी यायची. माझी शाळा सकाळची, मी घरी यायला दीड वाजून जातो. बाई आल्यावर मुलीनेच विचारलं, मोठ्याई, तू सांभाळशील काय हिला? बाईने सरळ पोट्टीला उचलून मांडीवर घेतलं. त्या दिवसापासून तिला कोणी काम विचारलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. पोट्टीचं खाणं, न्हाणं, झोपणं सगळं तिच्या हातात. माझ्या घरात बाईची जागा म्हणजे ती पोट्टी होती. ती हातातून गेली असती तर बाई दुसऱ्या दिवशी गावाच्या बसमध्ये बसली असती, हे मला ठाऊक होतं आणि तिलाही.

चांगले दिवस होते ते, खोटं कशाला बोलू. एकदा मुलीने सदरच्या कोण्या भारी दुकानातून प्लास्टिकच्या डबीत रसभरी आणली. त्याच पिशवीतलं पिवळं फळ, पण बोराएवढं मोठं. बाईने डबी फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाली, हे तं आपल्या चिरबोटीची शहरात दिलेली बहीण दिसते, खाऊन पिऊन जाडी झाली. मी म्हटलं, म्हणजे माझ्यासारखी. त्यावर आम्ही दोघी बराच वेळ हसलो. माझ्या नवऱ्याला शुगर आहे. तो कोणाच्या तरी सांगण्यावरून पनीरफुलं रात्री भिजत घालून सकाळी ते कडू पाणी प्यायचा. बाईने ती वाळकी फुलं हातात घेतली, नखाने उघडली आणि सांगितलं, हेबी तेच घराणं, भाऊजी, फूल नोहे हे, फळ हाय. नवऱ्याने ते त्याच्या मॉर्निंग वॉकच्या मित्रांना आठवडाभर ऐकवलं.

आमच्या घराला लागून एक रिकामा प्लॉट आहे. बेसा भागातल्या या लेआऊटमध्ये असे बरेच आहेत. कोणीतरी घेऊन ठेवलेले, मालक पुण्याला नाहीतर आणखी कुठे. पावसाळ्यात त्यात कमरेएवढं गवत होतं. भादव्यात एका संध्याकाळी बाई पोट्टीला घेऊन आत आली, दोघींचे पाय चिखलाने भरलेले. मी ओरडणार तेवढ्यात बाई म्हणाली, चिरबोटी हाय वं तिथं, एक नाही, मायंदळ हाय. तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. मी पाय धुवायला पाणी दिलं.

मग त्या दोघींचा रोजचा उद्योग झाला. संध्याकाळी प्लॉटवर जायचं आणि झाडाखाली वाकून बघायचं. हात लावायचा नाही, फक्त बघायचं. तिथे आस्कंदाचं, म्हणजे अश्वगंधेचं, एक झुडूप होतं, त्यालाही तशीच पिशवी आणि आत लालभडक फळ. ते तोंडात घालायचं नसतं, हेही बाईने पोट्टीला शिकवलं. लाल दिसलं की हात मागे. पोट्टी घरी येऊन मला गंभीर तोंडाने सांगायची, आजी, झाडाने अजून दिलं नाही. माझ्या शाळेतल्या मुलांना जे धडे मी वर्षभर घासून शिकवते तेवढं बाईने तिला महिनाभरात शिकवलं असेल.

दरम्यान त्या प्लॉटमधून एक धामण निघाली आणि समोरच्यांच्या गाडीखाली जाऊन बसली. लेआऊटच्या व्हाट्सअप ग्रुपवर गोंधळ झाला. कोणी प्लॉटमालकाला फोन केला, त्याने कोणाला तरी पाठवलं. एका सकाळी, मी शाळेत आणि बाई मागच्या अंगणात पोट्टीला न्हाऊ घालत असताना, पंपवाला येऊन फवारून गेला. पाटी लावली नाही, दोरी बांधली नाही, शेजारी कोणाला आवाज दिला नाही. ग्रुपवर मालकाला चार अंगठे अन् जोडलेले हात आले. माझा नवरा त्या ग्रुपवर आहे. त्यानेही वाचलं आणि सोडून दिलं. त्याच्या लेखी ते गवत होतं, त्यात सांगण्यासारखं काय होतं.

दसरा जवळ आला होता. ऑक्टोबरचं ऊन कसं असतं ते नागपूरकरांना सांगायला नको. आठवडाभर थेंब नव्हता, गवत पिवळं पडत चाललं होतं, तेव्हा चिरबोटीची पानं मलूल झाली यात बाईला काही वावगं वाटलं नाही. पीक आलं की चिरबोटीही पानं टाकते. पिशव्या हिरव्याच्या पिवळट झाल्या, मग काडाच्या रंगाच्या, आणि एका दुपारी बाई बघते तर खाली मातीत पडलेली. पंधरा-वीस असतील. तिने ती पदरात वेचली आणि पोट्टीला घेऊन घरी आली.

मी शाळेतून येऊन वह्या तपासत होते. दोघी ओट्यावर बसल्या होत्या, त्यांचं बोलणं मला आत ऐकू येत होतं. निंदणाच्या बायांमध्ये हंगामाचं पहिलं चिरबोट लेकराच्या तोंडात घालतात, मोठ्यांनी मागून खायचं. बाई सोलत होती आणि पोट्टी खात होती. पोट्टीने तोंड वाकडं केलं असावं, कारण बाई हसली आणि म्हणाली की थोडं कडसर असतेच, मंग गोड लागते. पोट्टीने मोठ्या आजीला खूश करायला आणखी खाल्ली. मग बाईने स्वतः एक तोंडात टाकलं. आणि तिचं बोलणं बंद झालं.

तिने मला हाक मारली, नावाने नाही, नुसतीच. मी बाहेर आले तर ती पोट्टीच्या तोंडात बोट घालून सगळं बाहेर काढत होती आणि पोट्टी घाबरून रडत होती. मी पोट्टीला नळावर नेलं, चुळा भरायला लावल्या. मागे वळून बघते तर बाई नाही. त्या गुडघ्यांनी ती प्लॉटमध्ये गेली होती. परत आली तेव्हा तिच्या हातात एक उपटलेलं रोप होतं. तिने बुंध्याशी ते मोडलं, वास घेतला आणि माझ्यासमोर धरलं.

"हे पिकलं नाई वं," ती म्हणाली. "हे मारलं हाय."

पोट्टी वाचली, हे इथेच सांगते, उगाच कोणाचा जीव टांगणीला लावायचा नाही. पण ते आठ-दहा दिवस मी माझ्या वैऱ्यालाही देणार नाही. ऑटोत बसेस्तोवर उलट्या सुरू झाल्या. मुलगी सदरहून परस्पर दवाखान्यात आली. डॉक्टरीण तरुण होती, समजूतदार होती. तिने विचारलं की कोणतं औषध मारलं होतं? तेव्हा कुठे नवऱ्याला ग्रुपवरचं ते आठवलं. नवऱ्याने प्लॉटमालकाला फोन लावला, त्याला माहीत नव्हतं. ज्याने माणूस पाठवला त्यालाही माहीत नव्हतं. पंपवाला दुसऱ्या दिवशी सापडला, तर म्हणे दुकानदाराने बाटलीत सुटं दिलं, नाव कशाला विचारू. डॉक्टरीण म्हणाली की कच्च्या फळानेही उलट्या होतात आणि फवाऱ्याचा अंश आत गेला असेल तर किडन्यांवर, छातीवर नजर ठेवावी लागेल. कशामुळे काय, हे तिलाही ठाम सांगता येत नव्हतं. थांबायचं आणि बघायचं, एवढंच हातात होतं.

पोट्टीच्या जिभेला फोड आले. पाणी गिळताना ती हात झाडायची. रोज रक्त काढायचे आणि रोज आम्ही त्या कागदाची वाट बघायचो. बाई वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली असायची. बाकड्यावर बस म्हटलं तर बसत नव्हती. तिनेही एक खाल्लं होतं, याची आठवण दुसऱ्या दिवशी मला झाली. तिला तपासून घे म्हटलं तर म्हणाली, मले कायले, मी थुकलं. माझी मुलगी तिच्यासमोरून दिवसातून किती तरी वेळा जायची, पण तिच्याकडे बघायची नाही. मला ते दिसत होतं आणि मला दोघींचीही कीव येत होती.

पोट्टी घरी आली. फोड भरून आले, कागद चांगले आले. सगळ्यांना वाटलं की आता संपलं. त्या रविवारी मुलगी माझ्याकडे आली, बाईसमोर बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्याला उत्तर देता येतं. ती हळू आवाजात म्हणाली की उद्यापासून पोरीला परत पाळणाघरात टाकते. बाई म्हणाली, हव. एवढंच. मुलगी उठून गेली.

त्या दिवशी मी सगळ्यांवर तोंड सोडलं. नवऱ्यावर, की दिवसभर तो मोबाईल घासता अन् कामाची गोष्ट तेवढी घरात सांगत नाही. प्लॉटमालकाला मी स्वतः फोन केला, तर त्याने मला ऐकवलं की तुमच्याच लेआऊटच्या लोकांनी मागे लागून फवारायला लावलं, आणि त्याच्या प्लॉटमध्ये शिरायची आम्हाला परवानगी कोणी दिली होती? मी फोन आपटला. आणि शेवटी बाईवर. राग आला होता मला, लय राग आला होता, आणि तो तिच्यावरही होता. मी म्हटलं, जन्म मातीत घातला तू अन् तुला मेलेलं झाड ओळखू आलं नाही?

बाई म्हणाली, "गवत पिवळं व्हतं. म्या पाह्यलं व्हतं. गावात असती तं जवळबी गेली नसती मी. पण तिथं तं कोणी काही पेरलंच नव्हतं वं. न पेरल्या जागेत कोण औषध मारते?"

तिच्या अख्ख्या आयुष्यात विष पिकासाठी मारत होते. काही उगवू नये म्हणून नुसतंच मारतात, आणि मग त्या जागेत काही लावतही नाहीत, हे तिने कुठे पाहिलं असणार? आणि झाडाने तर तिला नेमकी तीच खूण दाखवली होती जिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या लेकरं पोसली. पिशवी वाळलेली होती, फळ मातीत होतं. मी त्या रात्री जेवले नाही, आणि का जेवली नाहीस म्हणून बाईनेही मला विचारलं नाही.

मला वाटलं, आता ही पिशवी भरणार. सकाळी उठून मी आधी तिची पिशवी खुंटीला आहे की नाही ते बघायची. पिशवी तिथेच होती. बाई गावाला जायचं नावच काढेना, आणि काय काम करू हेही विचारेना. खुर्चीत मागे टेकून बसायची, डोळे मिटून. मी पालक निवडायला दिला तर दोन जुड्या समोर घेऊन बसली आणि मग मला हाक मारली, की हा पालकच हाय ना, पाहून घे. सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणला तर वास घेऊन मला विचारायची, हा सांबारच हाय ना? ती! जी अंधारात हात घालून आंबाडी अन् भेंडीचं रोप वेगळं सांगायची. डाळ निवडून झाली की पुन्हा मला निवडायला लावायची. मी आधी चिडत होते, मग चिडणं सोडलं, मुकाट्याने दुसऱ्यांदा निवडत होते.

तिच्या डोळ्यांत काही असेल म्हणून मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, वयाच्या मानाने नजर उत्तम आहे. मी खूश झाले. बाई जिन्यावर थांबली आणि म्हणाली, "मोतीबिंदू निंगला असता तं बरं झालं असतं."

थंडी पडली. पोट्टी पाळणाघरात पुन्हा रडायला लागली. संध्याकाळी आई घ्यायला गेली की मोठ्या आजीकडे चल म्हणायची. मुलगी आठवड्यातून एकदा तिला घेऊन यायची, पण बसायची पोट्टीला लागूनच. बाईही लांब बसायची. पोट्टी तिच्या अंगावर जाऊन पडायची तेव्हा बाई दोन्ही हात पदराखाली घ्यायची. पाणी मागितलं तर मला सांगायची, तूच दे.

माझी मुलगी काही दगड नाही. तिला वेळ लागला, एवढंच. एका रविवारी ती दुपारची आली आणि मला स्वयंपाकघरात म्हणाली की आई, मी पाळणाघरात नाव काढून आले. मी म्हटलं, मला काय सांगतेस, जिला सांगायचं तिला सांग. मी वरण-भात केला होता. तिने ताटलीत वाढला, वरून तूप घातलं, लिंबू पिळलं, आणि पोट्टीला बाईच्या समोर पाटावर बसवलं. ताटली बाईच्या हातात दिली.

"मोठ्याई," ती म्हणाली, "उद्यापासून ही तुझ्याजवळ. आता भरव हिला."

बाईने ताटली खाली ठेवली. तुह्या आईले सांग, म्हणाली. मुलीने नाही म्हणून मान हलवली आणि तिथेच बसून राहिली. मीही दारात उभी राहिले. शेवटी बाईने हात धुतले, परत येऊन बसली, भात कालवला. पोट्टीने आ केला. बाईने घास उचलला आणि स्वतःच्या तोंडात घातला. हळूहळू चावला, गिळला, आणि बसून राहिली. पोट्टीने पुन्हा आ केला. थांब, बाई म्हणाली. मी म्हटलं, बाई, तुह्यासमोर कुकर लावला मी, माह्या हातचा आहे तो. ती हव म्हणाली. पण तिचा हात ताटलीतून उठेना. मग तिने ताटलीच्या दुसऱ्या बाजूचा घास घेतला, तोही स्वतःच खाल्ला आणि पुन्हा थांबली. मुलीने तोंड फिरवलं.

भात गार झाला होता. तिसरा घास बाईने पोट्टीकडे नेला. हात तिच्या तोंडाजवळ पोचला आणि तिथेच राहिला. पोट्टीला भूक लागली होती. तिनेच पुढे वाकून बाईच्या बोटांतला घास ओढून घेतला आणि खाल्ला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा, ताटली संपेपर्यंत.

मुलगी भांडी घासायला गेली. बाई पोट्टीच्या तोंडाकडे बघत बसली होती. संध्याकाळपर्यंत ती तिच्याजवळून उठली नाही, पाणी प्यायलाही नाही. थोड्या थोड्या वेळाने तिच्या पोटावर हात ठेवून विचारायची की दुखते काय वं? पोट्टी खेळता खेळता नाही म्हणायची, आणि बाई पुन्हा विचारायची.